चेंबर खोलायला किती तास?

गाडी घ्यायला गेलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. ॲव्हरेज किती देते? रिसेल कशी आहे? सर्व्हिस सेंटर घराजवळ आहे का? माणूस जरा हौशी असेल तर टॉर्क आणि एअरबॅगा. पण शोरूममधल्या टाय लावलेल्या पोराला "काय रे, हिचा चेंबर खोलायचा झाला तर किती तास लागतील?" असं विचारणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. विचारलंच, तर तो पोरगा मॅनेजरला बोलावेल आणि मॅनेजर बहुधा सिक्युरिटीला.

माझं म्हणणं असं की हा आकडा न विचारता मिळायला हवा. गाडीच्या काचेवर, किमतीच्या शेजारी, छापील. का, ते सांगतो. त्यासाठी थोडा वेळ ट्रकखाली आडवं पडावं लागेल, तयारी ठेवा.

आधी चेंबर म्हणजे काय ते. पुस्तकी नाव ऑइल पॅन किंवा ऑइल संप. आपल्याकडचे गॅरेजवाले चेंबर म्हणतात. इंजिनाच्या बुडाला लावलेली परात, एवढंच. तिच्यात पाच-सहा लिटर ऑइल साठतं. तिथून एक नळी ते ऑइल पंपाकडे ओढते, पंप ते फिल्टरमधून सगळ्या बेअरिंगांपर्यंत पोचवतो, आणि ते गळत-ठिबकत पुन्हा परातीत येतं. बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तो काही मायक्रॉनचा. तो आहे तोवर लोखंडाला लोखंड लागत नाही. तो गेला की इंजिन संपलं. म्हणजे परात साधी असली तरी प्रकरण साधं नाही.

आता ही परात खाली काढायची वेळ का येते? पॅकिंग गळायला लागतं, ड्रेन प्लगचे आटे जातात, पत्र्याची परात असेल तर गंजून भोक पडतं. आणि एक कारण असं आहे की ऐकून वाईट वाटावं. ऑइल ओढणारी ती नळी पंपाला जिथे जोडलेली असते, तिथे बऱ्याच इंजिनांत एक रबरी ओ-रिंग असते. वर्षानुवर्षं गरम ऑइलात राहून ती कडक आणि चपटी होते. मग पंप ऑइलाबरोबर तिथून हवाही ओढायला लागतो. स्ट्रॉला चीर गेली की उसाचा रस कसा वर येतो, तसं. सकाळी थंडीत गाडी सुरू केली की ऑइल प्रेशरचा काटा उशिरा उठतो, आणि तोवर वरच्या बाजूने लिफ्टर टकटक वाजत राहतात.

रिंगची किंमत इथे अमेरिकेत एका कॉफीपेक्षा कमी आहे. साध्या, मागची चाकं ओढणाऱ्या पिकअपमध्ये बऱ्याचदा खाली जाऊन, परात सोडवून, रिंग बदलून दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. त्याच पिकअपचं चारही चाकं ओढणारं मॉडेल असेल तर गोष्ट वेगळी. कारण तिथे परातीच्या बरोब्बर खाली पुढचं डिफरन्शियल येऊन बसलेलं असतं.

हे पूर्वी इतकं वाईट नव्हतं. जुन्या जीपला (विलीज घ्या, किंवा महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतलेली तिची भावंडं घ्या) पुढचा ॲक्सल एकसंध असायचा, पाटे-स्प्रिंगांवर टांगलेला. चाकाला धक्का बसला की अख्खा ॲक्सल वर-खाली. त्यामुळे त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये मोकळी जागा ठेवणं भागच होतं, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ॲक्सल चेंबरवर आपटला असता. फ्रेमला जॅक लावून गाडी उचलली की ॲक्सल स्वतःच्या वजनाने आणखी खाली लोंबतो, आणि मधून हात घालायला जागा होते. मग आलं इंडिपेंडन्ट सस्पेन्शन. शेवरलेच्या छोट्या एस-१० पिकअपला ते १९८३ च्या मॉडेलपासून होतं, टोयोटाच्या पिकअपला १९८६ च्या, फोर्ड एफ-१५० ला सध्याच्या पद्धतीचं १९९७ च्या. आपल्याकडे २०१० च्या थारलाही पुढे हेच आलं. यात दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात आणि मधला डिफरन्शियलचा गोळा फ्रेमला पक्का जखडलेला असतो. तो हलतच नाही म्हटल्यावर त्याच्या वर जागा कशाला सोडायची? इंजिन खाली आणा, बॉनेट खाली येईल, तोल सुधारेल. बीएमडब्ल्यूने तर आपल्या बऱ्याच ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत पुढचं डिफरन्शियल ऑइल पॅनलाच बोल्ट केलंय आणि एका चाकाचा शाफ्ट सरळ पॅनच्या आरपार नेलाय! पहिल्यांदा आकृती पाहिली तेव्हा मला वाटलं छपाईत काहीतरी घोळ झालाय.

तुम्ही चालवत असताना या सगळ्याचा फायदाच आहे. वळणावर गाडी चांगली बसते, खड्ड्यात पाठ शाबूत राहते. प्रश्न येतो तो पंधरा वर्षांनी.

मी राहतो क्लीव्हलंडच्या पूर्वेला, एरी सरोवराच्या काठाजवळ. सरोवरावरून येणारं वारं हिवाळ्यात इतका बर्फ टाकतं की विचारू नका. आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत, एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांना मी मनातल्या मनात आजोबा म्हणतो. त्यांची अठरा वर्षं जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे (कंपनीचं नाव सांगत नाही, दुखणं सगळ्यांचंच आहे). ते हिवाळ्यात तिच्या नाकाला फाळ लावतात आणि आमच्या दोन-तीन गल्ल्यांमधल्या घरांसमोरचा बर्फ काढतात. पेन्शनला तेवढाच हातभार. गेल्या वर्षी ऑक्टोबरात तिचा काटा उशिरा उठायला लागला. गॅरेजने निदान बरोबर केलं : पिकअप नळीची ओ-रिंग. आणि अंदाजपत्रक दिलं, ते ट्रकच्या बाजारभावाच्या जवळजवळ निम्मं होतं. त्यात सुट्या भागांचा खर्च नावाला, बाकी सगळी मजुरी. गॅरेजवाला लुटत नव्हता. त्याने पुस्तकात तास बघितले, त्याला दराने गुणलं, संपलं.

आजोबांपुढे दोन पर्याय होते. ट्रक भंगारात घालायचा, किंवा स्वतः खाली झोपायचं. ते बहात्तर वर्षांचे. म्हणून मी.

आता कामाची यादी ऐका. बॅटरी सोडा. ऑइल काढा. खालचं संरक्षक पत्र्याचं कवच काढा. पुढचा प्रोपेलर शाफ्ट सोडवा. दोन्ही चाकांचे शाफ्ट डिफरन्शियलपासून सोडवा, एकेका बाजूला सहा बोल्ट. स्टिअरिंगची मधली दांडी खाली घ्या, कारण ती वाटेत आहे. डिफरन्शियलची वायर आणि हवेची नळी काढा. त्याच्याखाली जॅक लावा, मग त्याचे माउंटिंग बोल्ट काढा आणि भरलेल्या गॅस सिलिंडरहून जड असलेला तो गोळा, न पाडता, छातीच्या वरून बाजूला घ्या. खालची आडवी पट्टी काढा. स्टार्टर काढा. गिअरबॉक्सच्या कूलरच्या नळ्या परातीला चिमट्याने अडकवलेल्या असतात, त्या सोडवा. परात गिअरबॉक्सच्या घंटेलाही बोल्ट केलेली असते, ते बोल्ट काढा. आणि आता, मंडळी, परातीचे स्वतःचे बोल्ट.

दुसरा मार्ग म्हणजे इंजिनाचे माउंट सोडवून इंजिनच वर उचलायचं. काही गाड्यांत तो सोपा पडतो. आमच्या गाडीत उचलून पुरेशी जागा होत नव्हती.

वर जे लिहिलंय ते गुजरातेतल्या कोरड्या हवेत उभ्या असलेल्या गाडीला लागू. ओहायोत रस्त्यावर मीठ टाकतात. अठरा हिवाळ्यांचं मीठ खाल्लेला बोल्ट पान्याला ओळख देत नाही. कवचाच्या चार बोल्टांपैकी दोन फिरले, तिसरा तापवून निघाला, चौथ्याचं डोकं तुटून हातात आलं. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि आम्ही अजून यादीच्या तिसऱ्या ओळीवर.

रविवारी संध्याकाळी रिंग हातात आली. आठ आण्याच्या नाण्याएवढी. नखाने दाबली तर दबली नाही, प्लॅस्टिकसारखी झाली होती. पुढचा वीकांत सगळं परत बसवण्यात गेला. त्यातही गंमत अशी की परात गिअरबॉक्सलाही जोडायची असल्याने तिची मागची कड इंजिन ब्लॉकच्या कडेशी तंतोतंत जुळवून मगच आवळावी लागते. नाहीतर आवळताना एकतर परातीला चीर जाते, किंवा गळती राहते. आजोबांनी तिथे सरळपट्टी आणि फीलर गेज लावून अर्धा तास घालवला, आणि मला तो अख्ख्या कामातला सगळ्यात आनंदाचा अर्धा तास वाटला. दोघांचे मिळून एकवीस तास झाले. गाडी सुरू केली, काटा ताबडतोब उठला, टकटक गेली.

मधल्या रविवारी मामाला फोन केला होता. मामा एस.टी. च्या डेपोत मेकॅनिक होता, आता रिटायर झालाय.

"चेंबर खोलायला दोन दिवस? अरे, आम्ही बस पिटवर घ्यायचो आणि चहा गार व्हायच्या आत चेंबर खाली."

"मामा, पण याला पुढेही डिफरन्शियल आहे ना."

"पुढे पण हौसिंग?" मामा थोडा वेळ गप्प. "मग त्यांनी ते चेंबरखाली कशाला ठेवलं?"

हाच प्रश्न मी आजोबांना विचारला. मला वाटलं होतं टूलरूममधला माणूस डिझाइनवाल्यांना शिव्या घालेल. ते म्हणाले, "त्याला दोष देऊ नकोस. त्याला जे मोजायला सांगितलं होतं ते त्याने नीट केलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण हे आपल्याच हापिसातलं आहे. विचार करा, कारखान्यात परात कशी बसते. इंजिन स्टँडवर उलटं असतं, परात वरून ठेवतात, बोल्ट आवळतात, झालं. तेव्हा तिथे डिफरन्शियल नसतं, फ्रेम नसते, काहीच नसतं. गाडी हा एक स्टॅक आहे आणि परात त्यात अगदी सुरुवातीला पुश झालेली आहे. कारखान्याला फक्त पुश करायचं असतं. पॉप करायची पाळी दुसऱ्या कोणावर तरी येते. ओतीव ॲल्युमिनियमची परात गिअरबॉक्सला जोडली की सगळा सांगाडा ताठ होतो, थरथर कमी होते. ही थरथर मोजली जाते. जमिनीपासूनची उंची मोजली जाते. जोडणीचे सेकंद तर स्टॉपवॉच लावून मोजले जातात. अठराव्या वर्षी ओहायोतल्या एका गॅरेजच्या फरशीवर गेलेले एकवीस तास कोणाच्याच स्प्रेडशीटमध्ये नाहीत.

आपणही कोड असाच लिहितो. रिलीजची तारीख मोजली जाते, पेज किती मिलिसेकंदात उघडतं ते मोजलं जातं. रात्री तीन वाजता उठून एका ओळीचा बदल करण्यासाठी सात मॉड्यूल उचकणारा पोरगा मोजला जात नाही. फरक एवढाच की तो पोरगा आपल्याच टीममधला असतो, त्यामुळे कधी ना कधी कोणीतरी वैतागून रिफॅक्टर करतं. ट्रकचा तिसरा मालक डिझाइन टीमच्या स्टँडअपला येत नाही.

आता कोणी म्हणेल, त्यासाठी "राइट टू रिपेअर" आहे की. आहे, आणि चांगलंच आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली मतदारांनी ते जबरदस्त बहुमताने मंजूर केलं, आणि २०१४ मध्ये गाडी कंपन्यांनी देशभर तीच माहिती गॅरेजांना द्यायचं मान्य केलं. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टल काढलं, त्यात वाहनं आहेत. पण या सगळ्याचा रोख माहितीवर, सुट्या भागांवर आणि स्कॅनरवर आहे. मॅन्युअल मिळवण्याचा हक्क मिळाला, ठीक. मॅन्युअल उघडलं तर त्यात लिहिलंय "प्रथम पुढचं डिफरन्शियल काढा." या हक्काचं करायचं काय?

मी "असं डिझाइन करूच नका" असा कायदा मागत नाहीये. असले कायदे करणारी माणसं गाडीखाली गेलेली नसतात, आणि कधीकधी परातीखाली डिफरन्शियल असणं हाच खरोखर उत्तम तोडगा असतो. मला फक्त आकडा हवाय. आणि आकडा तयार आहे! वॉरंटीतल्या कामांचे पैसे कंपनी डीलरला कसे देते? प्रत्येक कामाला किती तास हे कंपनीनेच ठरवलेलं असतं, त्या हिशोबाने. चेंबरचं पॅकिंग, टू-व्हील : इतके तास. ऑल-व्हील : तितके. गाडी बाजारात आली की हे कोष्टकही येतं. म्हणजे नवा खर्च शून्य. फक्त गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत.

अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद लावणं १९५८ च्या कायद्याने सक्तीचं झालं. सिनेटर मन्रोनी यांनी तो आणला, म्हणून लोक त्या कागदाला त्यांच्याच नावाने ओळखतात. त्याआधी डीलर तोंडाला येईल ती किंमत सांगायचे. पुढे काचेवर मायलेज आलं, मग सुरक्षेचे तारे आले. शोरूममधल्या पिकअपच्या काचेवरही असा कागद असतो. भारतात २०२३ पासून भारत एनकॅपचे तारे आहेत, आणि आता माझे पुण्यातले मित्र गाडी घेताना "किती स्टार?" विचारतात, जे दहा वर्षांपूर्वी कोणी विचारत नव्हतं. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि गवत कापायच्या यंत्रांवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावले. वस्तू खोलायला किती सोपी हा त्यातला एक निकष आहे. गवत कापायच्या यंत्राला चालतं, मग ट्रकला का नाही? ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांनी वर्षानुवर्षं गाड्यांचे १ ते ५० असे गट पाडले आणि त्यात अपघातानंतरच्या दुरुस्तीचे तासही धरले. दुरुस्तीचा वेळ मोजता येत नाही असं कोणी म्हणू नये.

यावर एक आक्षेप मला खरा वाटतो. पहिला मालक हा आकडा बघून काय करेल? त्याची गाडी वॉरंटीत असणार, पाच-सहा वर्षांत तो विकणार. तास भरतो तिसरा मालक, आणि तो शोरूममध्ये नसतो. बरोबर आहे. पण तिसरा मालक आकडा बघायला लागला की रिसेल बदलते, आणि रिसेल बदलली की पहिला मालकही बघतो. आपल्याकडे काही गाड्यांची रिसेल निव्वळ "गल्लीतला मेस्त्रीही खोलतो" या कीर्तीवर टिकून आहे. कीर्तीच्या जागी आकडा आला तर बिघडलं कुठे?

दहा कामं पुरेत. माझी यादी : चेंबरचं पॅकिंग, स्टार्टर, अल्टरनेटर, वॉटर पंप, रेडिएटर, क्लच किंवा गिअरबॉक्स उतरवणं, पेट्रोलचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर, हीटरचा कोअर (याच्यासाठी काही गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवतात, त्यावर एक वेगळा लेख होईल), हेडलाइटचा बल्ब. हो, बल्ब! काही गाड्यांत त्याच्यासाठी बंपर काढावा लागतो. विजेच्या गाड्यांना चेंबर नसतो, त्यांच्या कागदावर बॅटरी पॅक उतरवायचे तास टाका. तो आकडा वाचायला मी स्वतः रांगेत उभा राहीन.

तोवर, जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह पिकअप किंवा एसयूव्ही घ्यायचा विचार असेल तर एक करा. सौदा करण्याआधी ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन लावा आणि त्याच्याकडच्या तासांच्या पुस्तकात तीनच कामं बघायला सांगा : चेंबर, स्टार्टर, वॉटर पंप. अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक गॅरेजात ते आता कॉम्प्युटरवर असतं, दोन मिनिटांचं काम. पुण्या-मुंबईत असाल तर पुस्तक नसेल, पण मेस्त्री तोंडी सांगेल. आणि चेंबरचं नाव काढताच तो हसला, तर कशासाठी हसला तेही विचारा.